दुमड

"सरळ उभा राहा जरा. लष्करात एवढंही शिकवलं नाही का?" तोंडात टाचण्या धरून काकू पुटपुटली.

तो स्टुलावर उभा होता, कच्चे टाके घातलेल्या नव्या पँटीत. पँट त्याची नव्हती. काकूचा मुलगा आणि तो लहानपणापासून एका मापाचे. एकाचे कपडे दुसऱ्याच्या अंगावर निघायचे. भरतीही दोघं एकाच दिवशी झाले. परत आला तो एकटा. मुलगा कागदोपत्री बेपत्ता होता, आणि काकू त्याच्यासाठी पँट शिवत होती. आल्यावर घालेल काय, असं तिनंच आधी सगळ्यांना विचारून टाकलं होतं. मग दुसरं काही विचारायची कुणाची छाती होणार? गिऱ्हाइकं हल्ली कापड टाकून पाय काढायची. शिवणाच्या ज्या दुकानात गप्पांपायी बाह्या उलट्या लागायच्या, तिथं आता मशीनच काय ते बोलायचं.

कोपऱ्यात काका खाली मान घालून काजं करत होते.

भरतीच्या वेळी काकूनं दोघांच्या गणवेशाच्या पँटींना खाली चार बोटं दुमड ठेवली होती. वाढीचं वय, पुढं सोडता येईल. तुकडीतली पोरं हसली. लढायला निघालात की शाळेला, म्हणाली. पुढं त्या दुमडीत चिखल साचून पाय जड व्हायचे. मुलगा आईच्या नावानं बोटं मोडायचा, पण टाके काही उसवायचा नाही.

तोफांचा मारा थांबला त्या सकाळी पडलेल्यांना चेहऱ्यावरून कुणी ओळखेना. यानं मित्राला ओळखलं ते दुमडीवरच्या काकूच्या तिरक्या टाक्यांवरून. तेवढ्यात मागं फिरायचा हुकूम आला. त्याला उचलून आणणं झालं नाही, आणि देह हाती नाही म्हणून कागद बेपत्ताच म्हणत राहिला.

घरी आल्या आल्या त्यानं हे काकांना सांगितलं होतं. काका कितीतरी वेळ सुईत दोरा ओवत बसले. मग म्हणाले, तिला नको सांगूस, शिवतेय तोवर बरी आहे. तेव्हापासून काकूनं हाक मारली की तो यायचा, स्टुलावर चढायचा आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहायचा. तिथं उभं राहण्यापेक्षा खंदक बरा होता. खंदकात निदान शेजारी कुणी असायचं.

काकूनं खडूची रेघ ओढली आणि बसल्या बसल्या मान वर केली.

"तू चांगला बोटभर उंच झालास की रे. तोही झाला असेल, नाही? खाली किती ठेवू?"

त्यानं तोंड उघडलं, आणि नजर काकांकडे गेली. काकूनं ती नजर पाहिली. तीही तिकडेच बघत राहिली.

काकांनी सुई कापडात खोचली. चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"दुमड नको ठेवूस," ते म्हणाले. "तो आता वाढायचा नाही."