साहेबांचा उघडा पट्टा

कारखान्यात त्यांना सगळे ‘जाळीसाहेब’ म्हणत, अर्थात पाठीमागे. सुरक्षा अधिकारी म्हणून बावीस वर्षं त्यांनी एकच काम इमानेइतबारे केलं होतं: जे जे फिरतं त्याच्यावर जाळी बसवायची. उघडं चाक दिसलं की कपाळावर आठी चढायची आणि खिशातून लाल पेन निघायचं. दोन वर्षांपूर्वी पत्रा दाबणाऱ्या प्रेसवरच्या एका कारागिरानं गार्ड, म्हणजे तीच जाळी, काढून ठेवलं होतं. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, “गार्ड लावलं की काम दिसत नाही, साहेब.” साहेबांनी त्याला तीन दिवस घरी बसवलं आणि त्याचं ते वाक्य नव्या कामगारांच्या वर्गात हशा पिकवायला वापरू लागले.

असा हा माणूस एका उघड्या पट्ट्याच्या प्रेमात पडला.

निमित्त झाली त्यांची जुनी मोटरसायकल. इंजिनापासून क्लचपर्यंत जाणारी साखळी एका पत्र्याच्या डब्यात, तेलात बुडून फिरायची. तो डबा जन्माचा गळका. दारासमोरच्या पांढऱ्या फरशीवर रोज तेलाचं नवं थारोळं, आणि रोज बायकोचं तोंड. शेवटी साहेब मेकॅनिककडे गेले.

“साखळी काढू, डबाही काढू,” मेकॅनिक म्हणाला. “दातेरी रबरी पट्टा टाकतो. तेलच नाही म्हटल्यावर गळणार काय? गाडी हलकी होईल, खडखड थांबेल.”

“आणि वर झाकण?”

“झाकलं तर वारा कसा लागणार? तापेल तो. आता खडी उडाली तर पट्ट्याचे दात जातात, चिखलपाण्यात जपावं लागतं, आणि पँटचा पाय तेवढा सांभाळा.”

साहेबांनी मान डोलावली. त्यांच्या वर्गात नवे कामगार डोलावतात, अगदी तशीच.

पट्टा बसला. गाडी चालू केली, आणि दोन चकचकीत पुल्यांवरून तो काळा पट्टा असा काही सुळसुळत पळू लागला की साहेब पाहतच राहिले. बावीस वर्षं त्यांनी फिरत्या वस्तू झाकल्या होत्या. त्या इतक्या देखण्या असतात हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सुट्टीच्या दिवशी ते चहाचा कप घेऊन गाडीच्या डाव्या बाजूला स्टूल टाकून बसू लागले.

“अहो,” बायको म्हणाली, “मी फक्त गाडीखाली एक ट्रे ठेवा म्हणत होते.” फरशीवर आता तेलाऐवजी रबराची काळी भुकटी पडत होती. ती मात्र झाडूनं निघायची, एवढं श्रेय तिनं दिलं.

कारखान्यात साहेब गाडी पाण्याच्या टाकीमागे लावत, डावी बाजू भिंतीकडे करून. कुणी विचारलं तर सावली आहे म्हणून सांगत.

महिनाभरानं एका सकाळी, पाळी बदलण्याच्या वेळी, फाटकाच्या आत रखवालदारानं त्यांना सहीसाठी थांबवलं. इंजिन चालूच होतं. साहेबांनी डावा पाय जमिनीला टेकला आणि वाकून सही केली. गाडी उभी असली तरी इंजिन चालू असेतो पट्टा फिरतोच, हे त्यांना ठाऊक होतं. याच अर्थाचा फलक त्यांनी स्वतः चौदा ठिकाणी लावला होता. वाऱ्यानं पँट फुगली. फर्रकन आवाज झाला, इंजिन आचका देऊन बंद पडलं आणि पँट गुडघ्यापर्यंत पुलीत गेली.

पाय वाचला होता, घोट्याला खरचटण्यावर निभावलं होतं. पण साहेब गाडीला जखडले गेले, आणि समोर दोन पाळ्यांची माणसं गपगार उभी. त्या रांगेतून एकजण पुढे आला. प्रेसवरचा कारागीर.

“हलू नका,” तो म्हणाला. “गिअर टाका आणि क्लच सोडा. आम्ही गाडी मागे ढकलतो, पट्टा उलटा फिरेल.”

तिघांनी गाडी मागे रेटली. साहेब एका पायावर लंगडी घालत मागे मागे गेले. पाचव्या उडीला पँट सुटली, चिंध्या होऊन. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं साहेबांना वाटलं.

फाटकाशीच ‘अपघाताविना दिवस’ असा फळा होता. त्यावरचे चारशे बारा साहेबांनी स्वतःच्या हातानं पुसले आणि शून्य लिहिलं. मग टॉवेल गुंडाळून अपघाताचा अर्ज भरायला बसले. अर्ज त्यांनीच तयार केलेला. ‘गार्ड होते का?’ नाही. ‘नसल्यास कारण?’ इथं पेन अडलं. तेवढ्यात कारागीर घोट्याला लावायला औषधाची पेटी घेऊन आला आणि अर्जाकडे पाहत, चेहरा शक्य तितका सरळ ठेवून म्हणाला, “दिसत नाही, असं लिहा ना साहेब. खरंच दिसत नाही झाकलं की.”

साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पेन खाली ठेवत ते म्हणाले, “ते तीन दिवस... जरा जास्तच झालं होतं तेव्हा.”

“गार्ड काढलं ही चूकच होती माझी,” कारागीर म्हणाला. “हशा नको होता.”

दुपारच्या सुट्टीत त्यानं पट्ट्याचं माप घेतलं आणि दोन दिवसांत जाड तारेची जाळी करून आणली. वारा आत जायचा, पँट नाही. पट्टा दिसायचा, पण डोळे बारीक करून. साहेबांनी आभार मानले. मेकॅनिकनं ती जाळी पाहिली आणि आठवडाभर त्यांच्याशी नीट बोलला नाही.

पुढच्या वर्गात साहेबांनी कारागिराचं वाक्य गाळलं. त्याऐवजी ती फाटकी पँट टेबलावर पसरली आणि सगळी हकिगत न लपवता सांगितली, लंगडीसकट. इतकं लक्ष देऊन त्यांचं बोलणं बावीस वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं.

“काही शंका?”

मागच्या बाकावरून एक हात वर आला.

“साहेब, तो पट्टा कुठं बसवून मिळतो?”

आणखी चौघांनी वह्या उघडल्या. साहेबांनी खडू उचलला, जरा घुटमळले, आणि फळ्यावर आधी जाळीचं माप लिहिलं. मग त्याच्याखाली, जरा बारीक अक्षरात, मेकॅनिकचा पत्ता.