गुरुजींचा होकार

नागनाथ गुरुजींच्या मते परभणी जिल्ह्यातल्या माणसांना बोलायलाच येईनासं झालं होतं. एसटीचा कंडक्टर पुटपुटायचा, बँकेतली पोरगी तोंडातल्या तोंडात बोलायची आणि टीव्हीवर बातम्या देणाऱ्याला तर गुरुजींनी पाचवीतच बसवून ठेवलं असतं. चौतीस वर्षं त्यांनी मराठी शिकवली होती, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापक म्हणून. "उच्चार गेले गं, उच्चार," असं ते रोज संध्याकाळी टीव्हीचा आवाज वाढवता वाढवता बायकोला सांगायचे. शेजारच्या तीन घरांना त्या वेळी बातम्या फुकट मिळायच्या.

गेले होते ते कान. सरजाबाईला हे सात वर्षांपूर्वीच कळलं होतं, आणि शाळेतल्या पोरांना तिच्याही आधी. नोकरीची शेवटची तीन वर्षं गुरुजींच्या वर्गात मागच्या बाकांवर आठवडी बाजार भरायचा, आणि गुरुजी साहेबांना सांगायचे की माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते. सरजाबाईला सुरुवातीला ह्याचं हसू यायचं. पुढं पुढं संताप यायला लागला.

बरं, गप्प तरी बसावं! कानात मळ आहे म्हणून त्यांनी लसणाचं कोमट तेल ओतलं. तेलानं भागेना म्हणून काडेपेटीची काडी घातली, काडीनं भागेना म्हणून मोटारसायकलची किल्ली. कान सुजून लाल झाला तरी म्हणायचे, मळ सुटायलाय. रोहिणी, त्यांची उशिरा झालेली एकुलती एक लेक, परभणीला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला गेली आणि पहिल्याच सुट्टीत तिनं बापाच्या हातातली किल्ली काढून घेतली. सूज उतरल्यावर कान तपासणाऱ्या सुकेशनी मॅडमकडं ती त्यांना घेऊन गेली. सोबत सरजाबाई होतीच.

मॅडमनी गुरुजींना काचेची खिडकी असलेल्या बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं. बारीकसा आवाज आला तरी दाबायचं. आता गुरुजींनी काय करावं? काचेतून मॅडमचा हात दिसत होता. हात हलला की हे बटण दाबायचे. पोरांच्या बाह्या उलट्या करून कॉप्या पकडणारा माणूस साठी ओलांडल्यावर कानाच्या परीक्षेत कॉपी करत होता. मॅडमनी दोन मिनिटांत ओळखलं. त्यांनी खुर्ची भिंतीकडं फिरवायला लावली आणि गुरुजी नापास झाले.

कागदावरची उतरती रेघ दाखवून मॅडमनी सगळं नीट समजावलं. जाड आवाज येतात, बारीक येत नाहीत. त्यामुळं माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. हा मळ नाही, वयानं आतली नस कमजोर झालीय, ती तेलानं काय अन् काडीनं काय, सुधारायची नाही. कानाचं मशीन लावा, पण लावलं की लगेच सगळं कळेल अशी आशा धरू नका. पहिले काही आठवडे घरातच रोज थोडा थोडा वेळ लावायचं, विसरलेले आवाज परत ओळखायला मेंदूला वेळ लागतो, मग या, मी जुळवून देते. सरजाबाईनं शब्दन् शब्द ऐकला. ज्यानं ऐकायचं तो मान हलवत होता.

मशीन घरी आलं आणि एक दुपार टिकलं. चमचा ताटलीवर आपटला, पंखा कुरकुरला, स्वतःच खाल्लेला पापड स्वतःच्याच कानात वाजला. "हे काय ऐकण्यासारखे आवाज आहेत?" असं म्हणून गुरुजींनी ते डबीत घालून कपाटात ठेवलं. परत जुळवायला जायचं नाव नाही.

त्यांच्याकडं स्वतःचा इलाज होता. समोरचा बोलायचा थांबला की हसायचं, नंदीबैलासारखी मान डोलवायची आणि म्हणायचं, "अगदी बरोबर." गंमत अशी की ह्यानं गावात त्यांचं नाव वाढलं. गुरुजी लय शांत झाले, कुणाचं तोडत न्हाईत, असं लोक म्हणायला लागले. बांधाच्या भांडणात दोन्ही भाऊ येऊन आपापली बाजू सांगायचे, दोघांनाही "अगदी बरोबर" मिळायचं आणि दोघंही खूश होऊन जायचे. घरी आल्यावर कोण काय म्हणालं ते सरजाबाई त्यांना समोर बसवून सांगायची. मग गुरुजी म्हणायचे, "ऐकलं मी ते." सात वर्षांत त्या माणसानं एकदाही कुणाला "काय म्हणालात?" असं विचारलं नाही. विचारलं असतं तर काय झिजले असते?

आणि अशात रोहिणीला स्थळ आलं. मुलगा दत्ता, गंगाखेडला कारखान्यात नोकरीला, स्वभावानं बरा, असं सगळे म्हणत होते. रोहिणीचीही ना नव्हती. तिची अट एकच होती. नर्सिंगचं दुसरं वर्ष चालू होतं, तिसरं पुरं झाल्याशिवाय लग्न नाही, आणि पुढं नोकरी करणार. आदल्या दिवशी ती बापासमोर मांडी घालून बसली, त्यांना आपल्या तोंडाकडं बघायला लावलं आणि सावकाश म्हणाली, "बाबा, पाव्हण्यांना पयलं तेच सांगायचं. कबूल?" गुरुजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि शब्द दिला. मनापासून दिला, हे सरजाबाईही नाकारत नव्हती.

सकाळी तिनं कपाटातली डबी काढली. "आजच्या दिवस तरी घाला. काई तरी कळंल."

"आणि पाहुण्यांना दिसू दे? मुलीचा बाप बहिरा? उद्या म्हणतील, घराण्यातच आहे."

सरजाबाईनं डबी परत कपाटात ठेवली. क्षणभर तिलाही तेच वाटलं होतं, आणि पुढं कितीतरी दिवस तिला त्याची लाज वाटत राहिली. "मंग मला शेजारी बसू द्या," ती म्हणाली.

"बैठकीत बाईमाणूस? लोक हसतील. मी काय बहिरा आहे?"

बैठकीत बायका बसत नाहीत, हे खरंच. पुरुष बाहेरच्या खोलीत सतरंजीवर, बायका आत दाराच्या पडद्याआड. बोलणी जमली की मुलीच्या बापानं सगळ्यांदेखत हो म्हणायचं आणि सुपारी फोडायची. एकदा सुपारी फुटली की शब्द फिरत नाही. शब्द फिरवणाऱ्या घराची पोरगी मग तशीच बसून राहते. हा रिवाज ज्यानं काढला त्याचे कान नक्की चांगले असणार.

पाहुणे आले. मुलाचे चुलते आश्रुबा सगळ्यांत पुढं बसले. ओठ झाकून खाली उतरलेल्या मिशा, गालात तंबाखूचा बार आणि आवाज असा गोड, हळू, की पडद्याआडून सरजाबाईलासुद्धा कान द्यावा लागत होता. गुरुजींनी सुरुवात मात्र झोकात केली. मुलगी शिकते आहे, शिक्षण पूर्ण करण्याचा तिचा मानस आहे, आमचाही त्याला पाठिंबा आहे, असं त्यांनी शुद्ध मराठीत, खड्या आवाजात सांगितलं. आत रोहिणीनं आईचा हात दाबला.

आश्रुबांनी बार एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला. "ते ठीक हाय गुरुजी. पर आमच्या घरात सुनंनं नोकरी केल्याली न्हाई. शिक्षान हितंच थांबवा. परीक्षा नको, काई नको. वैशाखात बार उडवून देऊ. हरकत न्हाई ना तुमची?"

मिशा हलायच्या थांबल्या. गुरुजी हसले. "अगदी बरोबर."

"कॉलेजातून नाव काडून घ्यावं लागंल."

"हो हो. तुम्ही म्हणाल तसं."

रोहिणीनं चहाचा ट्रे खाली ठेवला. "आई, त्यांना ऐकूच आलं न्हाई," ती म्हणाली. सरजाबाई खाकरली. मग दाराची कडी वाजवली. मग बांगड्या वाजवल्या. आणि बांगड्या वाजवता वाजवता ती स्वतःवरच भडकली. बायकोचं खाकरणं ज्याला ऐकू येत नाही त्याला बांगड्या कशा ऐकू येणार? सात वर्षं ह्या माणसाचा ताठा तिनंच सांभाळला होता, लोकांचं बोलणं घरी आणून भरवलं होतं, म्हणून तर हा असा बिनधास्त मान हलवत बसला होता. बाहेर पाटावर सुपारी आली. कुणीतरी बत्ता पुढं केला, गुरुजींनी तो हातात घेतला.

सरजाबाईनं पदर सावरला, पडदा बाजूला केला आणि ती बैठकीत येऊन गुरुजींच्या मागं उभी राहिली. पुरुषांनी माना वर केल्या.

"काय पायजे, इहीणबाई?" आश्रुबांनी विचारलं.

"पाव्हणं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही, रोजच्यासारखाच ठेवला. "ह्यांना ऐकू येत न्हाई. सात वर्सं झाली. तुमी आता जे म्हणले त्यातलं एक अक्षर ह्यांना कळलं न्हाई."

गुरुजींना एवढंच दिसलं की सगळ्यांच्या माना वर झाल्या आहेत आणि कुणाचे ओठ हलत नाहीत. म्हणजे कुणाचं तरी बोलून झालं. त्यांनी प्रसन्न चेहऱ्यानं मान डोलवली.

"अगदी बरोबर."

मागून कुणीतरी फिसकन हसलं, मग आश्रुबांच्या मिशा थरथरल्या, मग सगळी सतरंजीच हसायला लागली. हसणं दिसतं, त्याला कान लागत नाहीत. गुरुजींचा चेहरा हळूहळू उतरला. ते वळले आणि मागं बायको उभी दिसली.

"काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

सरजाबाई त्यांच्यासमोर येऊन खाली बसली. "मी म्हणले, तुमाला ऐकू येत न्हाई. अन् तुमी पोरीचं शिक्षान बंद करायला हो म्हणले."

आता हा काय म्हणणार ते तिला पाठ होतं. ऐकलं मी ते. शब्द म्हणजे शब्द. बहिरा ठरण्यापेक्षा हा कसाई ठरेल आणि मान ताठ ठेवून सुपारी फोडेल. तिला त्या क्षणी त्याची कीव आली नाही, नुसता राग आला. गुरुजींनी हातातल्या बत्त्याकडं बघितलं, दारात उभ्या लेकीकडं बघितलं. मग बत्ता खाली ठेवला.

"आश्रुबा," ते म्हणाले, "तुम्ही काय विचारलंत ते मला ऐकू आलं नाही. पुन्हा विचारा. मोठ्यानं."

"जाऊ द्या की, गुरुजी. मागून बोलू."

"काय?" गुरुजींनी कानामागं तळहात धरला, सगळ्यांदेखत.

आश्रुबांनी इकडंतिकडं बघितलं. तंबाखू थुंकायला बाहेर जाऊन आले. "पोरीचं शिक्षान थांबवा म्हणलो."

"मोठ्यानं."

"पोरीचं शिक्षान बंद करा म्हणलो!" आश्रुबा ओरडले. मिशांआड जे गोड वाटत होतं ते आता गल्लीभर उघडं पडलं. बोअरवर पाणी भरणाऱ्या बायका घागरी टेकवून दाराकडं बघायला लागल्या. आश्रुबांचे कान तांबडे झाले.

"असं होय," गुरुजी म्हणाले. "नाही."

आणि बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही, त्यामुळं हे उत्तर बोअरच्याही पलीकडं गेलं.