कुरियरच्या पोटातल्या दोन ओळी

"पुन्हा उठलास? ताट तरी संपव!" मी ओरडले, पण एलेउतेरियो अंगणात पोचलासुद्धा होता. तुरीचा भात तसाच ताटात. कंटाळले बाई मी या माणसाला!

लष्कराने आमच्या बेटावर, सालिनास गावाबाहेर, आभाळातले संदेश झेलायची मोठी तबकडी उभारली आणि माझा नवरा तिथे संदेश पाठवायच्या यंत्रावर लागला. साठ सालची गोष्ट. कुरियर नावाचा उपग्रह डोक्यावरून जाई, इथला मजकूर पोटात साठवी आणि न्यू जर्सीच्या केंद्रावर उतरवी. तिथल्या यंत्रावर कोण? तर याचाच धाकटा भाऊ, विल्फ्रेदो! बापाच्या मयताला उशिरा पोचला म्हणून याने त्याला चारचौघांत थोबाडीत मारली होती. रजाच मिळाली नव्हती बिचाऱ्याला. तेव्हापासून दोघे यंत्रावर कामाचं तेवढं बोलत, घरचं अक्षर नाही.

आणि आत सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. एकच घोकणं, "विल्फ्रेदो आला का गं?"

अशात कुरियर मुका झाला. हाका मारून सगळे थकले, तो हूं की चूं करेना. तेव्हापासून नवऱ्याची ही तगमग.

"अरे, लष्कराचा उपग्रह, लष्कर बघेल. तुझा का जीव खालीवर होतोय?"

तेव्हा कुठे बोलला. "चाचणीच्या मजकुरात मी दोन ओळी घुसवल्या होत्या. आई आजारी आहे, ये. आणि... त्या दिवशी माझं चुकलं. कुरियरने त्या घेतल्या, आणि मग गप्पच झाला. तिकडे उतरल्याच नाहीत."

"अरे देवा! मग फोन कर की त्याला!"

"मी एकदा बोललोय."

"कुणाशी? आभाळाशी?"

"बोललोय ना! जागा झाला की पोचवेल तो."

तिकडे साहेब लोकांनीही आशा सोडली, तरी हा आपला आत-बाहेर, आत-बाहेर. एका सकाळी सासूबाईंनी पेजेचा चमचासुद्धा परतवला. विल्फ्रेदोचं नाव काढलं नाही. मी वाटी तशीच ठेवून उठले.

"चुलीत घाल तुझा मान!" म्हणाले आणि त्याला दंडाला धरून कांदिदोंच्या औषधाच्या दुकानात नेलं. गावातला फोन तिथेच. गिऱ्हाइकं कान टवकारून उभी.

"मी बोलतोय," तो म्हणाला. "आई चाललीय रे. नीघ."

पलीकडून काहीतरी विचारलं असावं. याचे ओठ हलले. मी मनात म्हटलं, बोल रे बाबा, आता तरी बोल.

"नाही. एवढंच." फोन ठेवला.

विल्फ्रेदो दुसऱ्या दिवशी विमानाने आला. सासूबाईंनी त्याला ओळखलं, गालावरून हात फिरवला. दोन दिवसांनी गेल्या. तोवर दोघे भाऊ एकाच खाटेच्या दोन बाजूंना बसून होते. बोलणं काय, तर पाणी दे, उशी सरकव.

शवपेटी उचलायची वेळ आली. आमच्याकडे पुढचा उजवा खांदा थोरल्याचा, सगळ्या गावाला ठाऊक. एलेउतेरियो पुढे गेला, थांबला, आणि बाजूला झाला.

"तू हो पुढे," म्हणाला.

विल्फ्रेदो त्याच्याकडे बघतच राहिला. मग त्याने पेटीखाली खांदा दिला. नवरा त्याच्यामागे खांदा देऊन उभा राहिला आणि दफनभूमीपर्यंत धाकट्याच्या पावलावर पाऊल टाकत चालला.