राणीसाहेब वाचायला शिकल्या

राजांना राज्य असं नव्हतंच. गादी होती, मान होता, आणि रोज सकाळी ओट्यावर वाट बघत बसलेली माणसं होती. कुणाचं बांधावरून भांडण, कुणाची भावाबद्दल तक्रार, कुणाला नुसतंच मन मोकळं करायचं. राजे ऐकून घेत, निवाडा देत आणि त्याआधी न चुकता विचारत, "घरात पोरं किती? त्यातली शाळेत किती जातात?" उत्तर मनासारखं आलं नाही तर निवाडा पुढच्या आठवड्यावर जायचा. लोक वैतागायचे, पण पोरांना पाठवायचे. माघारी त्यांना मास्तरराजे म्हणायचे. एकदा ते राजांच्या कानावर गेलं, आणि त्यांना ते इतकं आवडलं की चारचौघांत तेच स्वतःला मास्तरराजे म्हणवून घ्यायला लागले.

शाळा त्यांच्याच घरात होती. राणीसाहेब लग्न होऊन आल्या त्याच वर्षी राजांनी दरबाराच्या दालनातले गालिचे गुंडाळून ठेवले, पूर्वजांच्या तसबिरी उतरवल्या आणि त्याच खिळ्यांवर फळा टांगला. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. एकोणीस वर्षांच्या राणीसाहेबांना मात्र गंमत वाटली होती. पहिल्याच महिन्यात राजांनी त्यांच्यापुढेही पाटी ठेवली.

"सगळ्यांच्या घरात डोकावतोय आणि माझ्याच घरात अक्षरशत्रू," ते म्हणाले.

"आता या वयात मी काय गिरवत बसू? पुढे लेक झाली की तिला शिकवा."

राजे हसले. घाई कसली, असं दोघांनाही वाटलं.

लेक झाली. छकुली म्हणायचे सगळे. ती सहा वर्षांची झाली तेव्हा राणीसाहेबांच्या मनात तिला घरीच शिकवायला कुणाला तरी ठेवायचं होतं. राजांनी ऐकलं नाही. "माझी मुलगी वेगळी बसली तर लोक आपली पोरं कशाला पाठवतील?" छकुली दालनात सतरंजीवर, शिंप्याच्या पोराशेजारी बसायला लागली. दोन वर्षं ती उड्या मारत गेली आणि शाईने बोटं माखून परत आली.

तिसऱ्या वर्षी घटसर्प आला. आधी एकाच मुलाला घशाचं दुखणं झालं. संध्याकाळी राणीसाहेब राजांना म्हणाल्या, "उद्या छकुलीला नको पाठवायला."

"आपलीच घरी ठेवली तर परवा दालन ओस पडेल. उंबरे झिजवून ही पोरं गोळा केलीत मी. एकाला ताप आलाय, तेवढंच. शहरातला डॉक्टर येतोय, तो काय म्हणतो बघू."

"तो येईपर्यंत तरी."

"नको. लोकांचं लक्ष आपल्याकडे असतं."

छकुली शाळेत गेली. डॉक्टर तिसऱ्या दिवशी आला. पाचव्या दिवशी छकुली गेली ती कायमचीच. गावातली पाच मुलं गेली, त्यात ती तिसरी.

शाळा सहा आठवडे बंद राहिली. सातव्या आठवड्यात राजांनी स्वतः कुलूप काढलं आणि दारात उभे राहिले. तीन मुलं आली. राजांनी त्या तिघांना पाढे शिकवले. मागच्या खोलीत बसलेल्या राणीसाहेबांना भिंतीपलीकडून ते ऐकू आलं, आणि त्या दिवसापासून त्यांनी नवऱ्याशी बोलणं टाकलं.

भांडण झालं नाही. घर तेच राहिलं, ताटं एकाच वेळी वाढली जायची. पण जे सांगायचं ते स्वयंपाकिणीला. "त्यांना विचारा, भात हवाय का." राजे दोन हातांवर बसलेले असायचे, तेही स्वयंपाकिणीकडेच बघून म्हणायचे, "नको म्हणावं." ती बिचारी कधीकधी स्वतःच्या मनानं शब्द गोड करून पोहोचवायची, ते दोघांनाही कळायचं. पहिली काही वर्षं राजे दाराशी येऊन उभे राहायचे, काहीतरी सांगायचं असल्यासारखे. राणीसाहेब कपड्यांच्या घड्या घालत राहायच्या. मग त्यांनी येणं सोडलं.

अशी एकतीस वर्षं गेली. तेवढ्यात शाळा दालनातून अंगणात पसरली, अंगणातून मागच्या तबेल्यात गेली. तबेल्याला खिडक्या पाडल्या, तिथे वरचे वर्ग बसले. दवाखान्यातली नर्स त्या शाळेतली, जमीन मोजणारा अधिकारी त्या शाळेतला, आणि मुख्य मास्तरीणबाईही तिथलीच. जिच्या बापाच्या विहिरीचा निवाडा राजांनी ती शाळेत येईपर्यंत अडवून धरला होता, ती ही. लोक आता राजांना वाकून भेटायचे. राणीसाहेबांनी मात्र दालनात पुन्हा पाऊल टाकलं नव्हतं.

एका सकाळी ओट्यावर निवाडा देता देता राजांचं तोंड वाकडं झालं आणि ते कलले. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. पुतण्या शहरातून आला, गादीच्या कागदांवर सह्या केल्या, दोन दिवस राहून परत गेला. मागे उरल्या राणीसाहेब.

नर्स म्हणाली, पेज भरवावी लागेल. स्वयंपाकीण वाटी घेऊन पुढे झाली तेव्हा राणीसाहेबांनी ती तिच्या हातून घेतली, पलंगाच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "तोंड उघडा."

स्वयंपाकीण दारातच थबकली. एकतीस वर्षांनी नवऱ्याशी बोललेले ते पहिले शब्द. राजांनी तोंड उघडलं. अर्धी पेज हनुवटीवरून ओघळली, ती राणीसाहेबांनी पदरानं पुसली.

राजांना काही हवं-नको सांगता यावं म्हणून मास्तरीणबाईंनी शाळेतली पाटी आणून दिली. डाव्या हातानं त्यांना लिहिता येईल का, शंकाच होती. पण आठवड्याभरात लिहायला लागले. राणीसाहेब खोलीत एकट्या असल्या की पाटी ओढून घ्यायचे, घाम फुटेपर्यंत लिहायचे आणि त्यांच्यापुढे धरायचे.

"पाणी हवंय?" मान नकारार्थी हलायची. "कूस बदलू?" नाही. "कुणाला बोलावू?" नाही, नाही. बाहेर पाऊल वाजलं की राजे बाहीनं पाटी पुसून टाकायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वाचता येत नसलं तरी आकार तेच आहेत, एवढं राणीसाहेबांना ओळखू यायला लागलं होतं.

एक दिवस शाळा सुटल्यावर त्या उठल्या, मधला दरवाजा उघडला आणि दालनात गेल्या. मास्तरीणबाई वह्या तपासत होत्या, त्या गडबडून उभ्या राहिल्या.

"मला वाचायला शिकवा," राणीसाहेब म्हणाल्या.

"राजे काही लिहितात का? मी वाचून दाखवते ना."

"तुम्ही आलात की पुसतात. ते मलाच सांगायचंय त्यांना."

मास्तरीणबाईंनी खुर्ची पुढे केली आणि फळ्यावर ग, म, भ, न काढलं.

साठीला आलेल्या हाताला पेन्सिल धरवत नव्हती. पण डोकं चलाख होतं. जेवणाच्या सुट्टीत थोडं, शाळा सुटल्यावर थोडं. पंधरा दिवसांत घर, मगर, कमळ. एक दिवस राजांनी पाटी पुढे धरली तेव्हा त्या म्हणाल्या, "पहिलं अक्षर घ आहे. बरोबर?"

राजे बघतच राहिले. मग डोळे भरून आले त्यांचे.

"पुढचं अजून नाही येत. शिकतेय. महिनाभर थांबाल ना?"

राजांनी होकारार्थी मान हलवली.

तीन आठवडे थांबले ते. तेवढ्यात काना झाला, वेलांटी झाली, मात्रा झाली. चौथ्या आठवड्यात, दुपारी, राणीसाहेब उकार शिकून परत आल्या तर राजांचा डावा हात पलंगावरून खाली लोंबत होता आणि पाटी छातीवर होती. न पुसलेली.

त्यांनी हाक मारली नाही. दार लोटून घेतलं, पाटी उचलली आणि खिडकीशी नेली. घ, स ला काना. घसा. द ला उकार. दुखतो. पुढच्या शब्दाला अडल्या, कारण अर्धा म त्या अजून शिकल्या नव्हत्या. मणाली, महणाली, असं पुन्हा पुन्हा तोंडात घोळवलं आणि मग एकदम कळलं.

घसा दुखतो म्हणाली होती. मी जा म्हटलं.

राणीसाहेब खाली बसल्या. म्हणजे त्या सकाळी दालनाच्या दारात छकुलीनं राजांना सांगितलं होतं. हे मनात घेऊन हा माणूस तीन मुलांपुढे उभा राहिला होता.

आणि त्यांना स्वतःला? त्या सकाळी वेणी घालताना छकुलीची मान हाताला गरम लागली होती. चांगलीच गरम. पण आदल्या संध्याकाळी राजांनी आपलं ऐकलं नाही म्हणून त्या रुसल्या होत्या. आता आपण होऊन तोंड उघडायचं नाही, त्यांचं त्यांना कळू दे, असं ठरवून बसल्या होत्या. वेणीला रिबीन बांधली आणि पोरीला पाठवून दिलं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. ज्याला सांगायला हवं होतं तो दोन हातांवर निजला होता, आणि ऐकत नव्हता.

"मलाही कळलं होतं," त्या म्हणाल्या. पुन्हा एकदा, मोठ्यानं म्हणाल्या.

मग ओल्या हातानं पाटी स्वच्छ पुसली आणि दार उघडून स्वयंपाकिणीला हाक मारली.

माणसं लोटली. रस्ता पार चौकापर्यंत भरला. शाळा किती दिवस बंद ठेवायची, असं मास्तरीणबाईंनी विचारलं तेव्हा राणीसाहेब म्हणाल्या, "उद्याचा दिवस. परवा उघडा."

गर्दी ओसरल्यावर एका सकाळी शिंप्याची म्हातारी बायको काठी टेकत आली. तिचा मुलगाही त्या पाचांत होता.

"दर वर्षी छकुली गेली त्या दिवशी यायचे हो राजे," ती म्हणाली. "आम्हा चौघांच्याही घरी. खुर्ची दिली तरी पायरीवरच बसायचे. बोलायचे नाहीत काही. मला वाटायचं, तुम्हीच पाठवत असाल."

"मला ठाऊकच नव्हतं. आम्ही बोलत नव्हतो."

मग राणीसाहेबांनी तिला छकुलीच्या गरम मानेचं सांगितलं. रुसव्याचंही सांगितलं.

म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. "माझा तर जायला तयारच नव्हता," ती म्हणाली. "रडत होता. मीच बखोटीला धरून आणला आणि राजांच्या हवाली केला. घरी सांगितलं, आपल्या पायानं गेला म्हणून."

स्वयंपाकिणीनं आणलेला चहा दोघींच्या पुढ्यात गार झाला.

पुढच्या वर्षी त्या दिवशी राणीसाहेब स्वतः निघाल्या. चारांतली दोन घरं गाव सोडून गेली होती, एका घरी आईबाप दोघंही उरले नव्हते आणि सुनेला कशाचाच पत्ता नव्हता, तिनं बसायला सांगितलं, त्या बसल्या. शेवटी शिंप्याकडे गेल्या. म्हातारीला आता नीट दिसत नव्हतं. तिनं मुलाची जुनी वही काढून ठेवली होती, आणि ती राणीसाहेबांच्या हातात देऊन म्हणाली, "तुम्हाला येतं ना आता? वाचा."

राणीसाहेबांनी चष्मा लावला आणि बोट टेकवून, अडखळत, पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.