चौथा खड्डा

मामंजी आमच्याकडे राहायला आले, तेव्हा त्यांच्यामागून अकरा खोकी आली. थाप्या, रंधे, ओळंबे, गुण्या. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस, पण आमच्या घरात खुर्चीच्या कडेवर बसायचा, पाहुण्यासारखा. पाणी हवं असलं तरी आधी खाकरायचे.

परसात त्यांच्यापुरती एक शेड असावी, हे माझ्याच मनात आलं. ह्यांचं म्हणणं, तयार पत्र्याची आणून ठेवू.

"पत्र्याच्या डब्यात ठेवायला मी काय बिस्किट आहे?" मामंजी म्हणाले. "मी बांधीन."

गेल्या वर्षी मामंजींचा उजवा हात आठवडाभर लुळा पडला होता. पुढे तो सुधारला, पण ह्यांची भीती काही गेली नाही.

दहा बाय दहापर्यंतच्या शेडला परवाना लागत नाही. मामंजींना दहा बाय बारा हवी होती, कारण आत काम करताना माणसाला वळता आलं पाहिजे. मग बांधकाम कार्यालयात माझ्या तीन खेपा झाल्या. नकाशा दिला, हद्दीपासूनचं अंतर दाखवलं, आणि परवाना अटींसह हातात आला. चार कोपऱ्यांना पायाचे चार खड्डे, प्रत्येक अडीच फूट खोल. काँक्रीट ओतण्याआधी तपासनीस येऊन तळ बघणार.

ह्यांनी त्यात आपली एक अट घातली. "बाबा, खड्डे पास झाले तर भिंती तुमच्या. नाही झाले तर कंत्राटदार येईल, आणि तुम्ही खुर्चीत बसून बघायचं."

"खड्ड्यात नापास व्हायला मी काय शाळेत आहे?" मामंजी हसले. पण नंतर बराच वेळ ते उजव्या हाताची बोटं चोळत बसले होते.

रोज थोडं थोडं करत आठ दिवस ते खोदत राहिले. मदतीला कुणाला येऊ देईनात. नवव्या दिवशी अकराला तपासनीस बाई यायच्या होत्या.

पहाटे उठल्यापासून जप पूर्ण होईपर्यंत मी बोलत नाही. लग्नाआधीपासूनचं व्रत आहे ते, घरात सगळ्यांच्या सवयीचं. हे पहाटेच कामावर गेलेले. साडेसहाला जप करता करता खिडकीबाहेर पाहिलं, तर मामंजी घमेल्याने खड्ड्यांत काँक्रीट ओतत होते. मी माळ हातात धरूनच दारात गेले, टाळी वाजवली, दोन्ही हात हलवून नको नको केलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि पुढचं घमेलं उचललं.

तेव्हा बोलायला हवं होतं. देव काही रागावला नसता. पण इतक्या वर्षांची सवय मोडवली नाही, आणि जप संपेस्तोवर चारही खड्डे भरून गेले.

"मामंजी, बाई अकराला येणार होत्या ना?"

"सिमेंटचं पोतं ओलं झालं होतं. वाया गेलं असतं."

पोतं कोरडं होतं. मी कार्यालयात फोन लावला आणि घडलं ते सांगितलं. पलीकडून बाई म्हणाल्या, "अहो, काय हे! बरं, आता प्रत्येक खड्ड्याच्या बाहेरच्या अंगाने चर खणून तळ उघडा करा. मी चारला येते."

कुदळ मीच घेतली. मामंजी "दे इकडे, दे इकडे" करत मागे फिरत राहिले. पहिला खड्डा टेपने अडीच फूट आणि वर अंगठाभर भरला. दुसराही तसाच. तिसऱ्यापर्यंत माझे तळहात सोलवटले. चौथ्या कोपऱ्यावर घमेलं पालथं घालून मामंजी त्यावर बसले होते.

"सूनबाई, हा राहू दे. तीन बघून चौथा कोण बघतं?"

"उठा बघू."

ते उठले. मी खणलं. दीड फुटावर काँक्रीट संपलं आणि खाली काळा धोंडा दिसला. मी टेप पुन्हा लावला, उगाचच.

"दोनदा पहार मारली," मामंजी जमिनीकडे बघत म्हणाले. "तिसऱ्यांदा हातातून सुटली. उचलायला गेलो तर बोटं वळेनात." मग म्हणाले, "तू सकाळी बोलत नाहीस, म्हणून तेव्हाच ओतलं."

माझ्या मौनाचा त्यांनी आडोसा केला होता. मला राग यायला हवा होता. पण डोळ्यांसमोर आला तो एकटा म्हातारा, खड्ड्यात वाकून पहार शोधणारा.

"त्याला सांगू नकोस."

"आपणहून नाही सांगणार. पण कुणी विचारलं तर खोटं बोलणार नाही, मामंजी."

"तुझी व्रतं म्हणजे माझ्या डोक्याला ताप आहे," ते म्हणाले, आणि माझे तळहात पाहून आत जाऊन मलम घेऊन आले.

चारला बाई आल्या आणि त्यांच्यापाठोपाठ हेही. बाई गुडघ्यांवर बसून एकेका चरात टेप सोडत होत्या. तिसऱ्याला म्हणाल्या, "छान, नेटकं काम आहे." चौथ्याला टेप पुन्हा सोडून पाहिला. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "हा असा का?"

माझे ओठ उघडले. तेवढ्यात मामंजी पुढे झाले.

"मी खोदला. फूटभर कमी आहे. माझा हात चालला नाही."

हे आपल्या वडिलांकडे पाहतच राहिले. मी मनात देवाचं नाव घेत होते.

"अखंड खडक असता तर चाललं असतं," बाई म्हणाल्या. "पण हा सुटा धोंडा आहे. उद्या हलला तर कोपरा बसेल."

"ठाऊक आहे," मामंजी म्हणाले. "दुसऱ्या कुणी असं केलं असतं, तर मीच त्याला कामावरून काढला असता."

"सकाळचंच काँक्रीट आहे, आज फोडलं तर निघेल. मला याच गल्लीत अजून एक काम बघायचंय. तासाभराने येते." त्यांनी कागद मांडीवर घेतला. "ह्या कोपऱ्याचं काम कुणाच्या नावावर लिहू?"

मामंजींची मान खाली गेली. कंत्राटदार हा शब्द ह्यांच्या तोंडून आता येणार असं मला वाटलं.

ह्यांनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पहार उचलली.

"गवंडी म्हणून बाबांचं लिहा," ते म्हणाले. "मी बिगारी."

पहिला घाव भलतीकडेच पडला, दुसरा त्यांच्याच पायाजवळ. मामंजी लगबगीने चराच्या काठाशी आले.

"अरे, मनगट सैल सोड! पहारीला तिचं काम करू दे. आणि ते घड्याळ काढ आधी. बिगाऱ्याला कशाला हवंय घड्याळ? सुट्टी कधी ते मी सांगेन."