एकाच नावाच्या दोघी

"काकू, हे दोन्ही योहान एकच आहेत बघा," असं म्हणत मितालीने माउसवर बोट दाबलं, आणि पलीकडून एमिलियाची काठी टेबलाच्या पायावर खाडकन बसली.

"परत आण त्याला!"

"पण नाव तेच, आईबाप तेच, गाव तेच..."

"पहिला आठ महिन्यांचा असताना गेला. दुसरा वर्षाने झाला, त्याला तेच नाव दिलं. आजोबांचं नाव होतं ते. पोर गेलं म्हणून नाव का टाकायचं?"

मितालीने जीभ चावली आणि पुसलेला योहान परत आणला. मीनाक्षीबाई चहात साखर ढवळत होत्या, त्या ढवळतच राहिल्या.

एमिलिया एक्क्याऐंशीची. ओडेसाजवळच्या जर्मन खेड्यात जन्मली, युद्धात पळाली आणि पन्नास साली बोटीने मेलबर्नला उतरली. तिथल्या डँडेनॉन्ग उपनगरात तिचं आणि मीनाक्षीबाईंचं कुंपण एकच. त्या काळात गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक घराच्या मागच्या खोलीत कुणी ना कुणी विद्यार्थी राहत होता. मीनाक्षीबाईंकडे पुण्याची मिताली होती. तिला कॉम्प्युटर येत होता, एमिलियाला चर्चच्या वह्यांमधली जुनी अक्षरं वाचता येत होती, आणि मीनाक्षीबाईंनी बावीस वर्षं हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात काढली होती. दर शनिवारी दुपारी तिघी एमिलियाच्या टेबलाशी बसून तिच्या खेड्यातल्या घराण्यांची वंशावळ कॉम्प्युटरवर चढवत.

"मीसुद्धा तिसरी," एमिलिया म्हणाली. "पहिली एमिलिया एकवीसच्या दुष्काळात गेली, दुसरी पंचविसात. मग मी. आई हाक मारायची तेव्हा कुणाला मारते ते मला कधीच कळलं नाही."

"बाप रे," मिताली म्हणाली.

"म्हणून माझा नियम ऐक. दोन पुरावे असतील तर नाव पक्कं. एकच असेल तर पुढे प्रश्नचिन्ह. आणि माणसाने स्वतःबद्दल सांगितलेलं तर पुरावाच नाही. माझा एक चुलतभाऊ स्वतःला सरदाराचा नातू म्हणवायचा! शंका असेल तिथे दोघांना दोन ठेवायचं. चुकून दोन राहिले तर कुणी मरत नाही. चुकून एक केलं, की मरतं."

"बरं झालं, आपल्यात हा घोळ नाही," मिताली हसली. "नाहीतर आमच्या घरात आजोबांपासून सगळेच अवधूत झाले असते. हो ना, काकू?"

"हो ना," मीनाक्षीबाई म्हणाल्या आणि अर्धा भरलेला कप सिंकमध्ये ओतून आल्या.

"काकू, सलिलदादाचा मेल आलाय तुम्हाला. इथेच उघडू?"

सलिल, त्यांचा मुलगा, ब्रिस्बेनला स्प्रिंगफील्ड लेक्समध्ये राहत होता. पुढच्या महिन्यात त्याच्या वडिलांचं, चंद्रहासांचं, वर्षश्राद्ध होतं. त्यासाठी त्याने घराण्याची वंशावळ बनवली होती, फ्रेम करून भिंतीवर लावायला. मितालीने ती पडदाभर मोठी केली. चंद्रहासांच्या शेजारी एकच चौकट होती. मीनाक्षी. जन्म एकोणीसशे बेचाळीस. लग्न त्रेसष्ट. मुलगा सलिल.

मीनाक्षीबाईंचा जन्म पंचेचाळीसचा होता. लग्न अडुसष्टचं.

त्यांनी तिथूनच फोन लावला.

"सलिल, तुझ्या आईची चौकट कुठे आहे?"

"अगं, ती तुझीच ना."

"माझी नाही. तुला जन्म दिला तिची. सदुसष्टला गेली ती."

"ओह, ते. अगं आई, सॉफ्टवेअरने ड्युप्लिकेट दाखवलं. नाव तेच, नवरा तोच. मी मर्ज करून टाकलं. मुलीही उगाच विचारत बसतात, टू ग्रँडमाज कसं काय. आणि मला तरी कुठे आठवतेय ती? मला तूच आई. झालं तर."

"वेगळं कर."

"प्रिंटला गेलंय गं. नो वरीज, कुणाच्या लक्षातही येणार नाही."

फोन ठेवल्यावरही त्यांचा हात फोनवरच राहिला.

कऱ्हाडला, लग्नात, चंद्रहासांनी ताटातल्या तांदळात अंगठी फिरवली, तेव्हा मान खाली घालून त्यांनी अक्षरं उलट्या बाजूने वाचली होती. दीड वर्षाच्या पोराला आईच्या नावाची सवय आहे, घरात तेच राहू दे, असं सासूबाई म्हणाल्या, आणि मांडवातल्या बायकांना ते फार मायेचं वाटलं. त्यांचे वडील जेवले, हात धुतले आणि दुपारच्या गाडीने गेले.

त्यानंतर चाळीस वर्षं, पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला, मीनाक्षीबाई त्या पहिल्या मीनाक्षीसाठी स्वयंपाक करत आल्या. आधी कऱ्हाडला, मग इथे डँडेनॉन्गमध्ये, सवाष्ण मिळेल ती बोलावून. आपल्याच नावाने पान वाढायचं, आपल्याच नावाने पाणी सोडायचं. नवरा असेपर्यंतच ती नवमी करतात. चंद्रहास गेले आणि तीही संपली.

"काकू," मिताली हळूच म्हणाली, "तुमची चौकट मी वेगळी करून देते. दोन मिनिटांचं काम. मीनाक्षी दोन, असं लिहू?"

"नको. ते नाव तिचं. माझं सुनीती. सुनीती भास्कर टेंबे."

मितालीने त्यांच्याकडे पाहिलं. दोन वर्षं ती त्या घरात राहत होती.

"पुरावा?" एमिलियाने सवयीने विचारलं.

"शाळेचा दाखला होता. सासूबाईंनी बंबात घातला. पासपोर्टवर, बँकेत, घराच्या कागदांवर, सगळीकडे मीनाक्षी."

"तुला त्या नावाने ओळखणारं कुणी?"

"भाऊ होता. सोळा वर्षं झाली त्याला जाऊन."

"म्हणजे फक्त तूच सांगतेस."

"फक्त मीच."

मितालीची बोटं थांबली. एमिलियाने काठी मांडीवर आडवी घेतली. मग ती नरमाईने म्हणाली, "असू दे, मीना. लिहू दे तिला तसंच."

मीनाक्षीबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला आणि खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"नाही. आधी तिची चौकट परत आण. बेचाळीस ते सदुसष्ट. तिचे पुरावे आहेत, दोन नाही, चार." मग त्यांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. "आणि माझ्या नावापुढे प्रश्नचिन्ह टाक."