शेंदराखालचं नाव

“आगो खरवडू नको, पूस! बंदूक हाय ती, मासली न्हाय.”

मी ओरडले तशी सून हातातला काथ्या टाकून बसली. केसर कामाला वाईट नाही, पण हात म्हणजे मुसळ. ओटीवर आमच्या घरची दुनळी, दोन नळ्यांची बंदूक, आडवी ठेवली होती आणि आम्ही सासूसुना काथ्या घासलेटात बुडवून तिच्यावरचा शेंदूर काढत होतो. पंचेचाळीस वर्षांचा शेंदूर. दर खंडेनवमीला तेलात कालवून दुनळीला एक हात द्यायचा, हा आमच्या घरचा रिवाज. थरावर थर बसून लाकडी दस्त्याचा पार देव झाला होता.

हे काम लावलं हेडगुरुजींनी. चीनची लढाई नुकतीच थांबली होती. लढाईवर गेलेल्यांच्या तसबिरी आणि घरातली हत्यारं सव्वीस जानेवारीला शाळेत मांडायची आणि त्या घरच्या वडील माणसाला शाल-नारळ द्यायचा, असं त्यांनी ठरवलं. आमची दुनळी बघायला आले आणि हसले. “आवडाबाई, ही बंदूक आहे की म्हसोबा? पोरांना बंदूक दिसू दे की!”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. श्रीवर्धनहून काल आलेल्या मास्तराने माझ्या घरच्या हत्याराला हसावं? मुरुडपासून थळपर्यंत कुठल्या कोळ्याच्या घरी साहेबाने दिलेली दुनळी आहे, ते दाखवा म्हणावं. परवाना माझ्या पोराच्या, चंदरच्या नावावर आहे, चोरीची नाही.

दुनळीची गोष्ट कोळीवाड्यातल्या लहान पोरालाही पाठ होती. पहिल्या जर्मन लढाईत इंग्रज सरकारला पार इराकात, बसऱ्याच्या नदीवर होड्या चालवायला माणसं हवी होती. माझे सासरे रावजी नाखवा आणि त्यांचा धाकटा भाऊ हिरामण, दोघे गेले. तिथे साहेबाची होडी उलटली. सासऱ्यांनी उडी टाकून साहेबाला काढला. साहेबाने आपली शिकारीची दुनळी बक्षीस दिली. हिरामण तिथेच तापाने गेला. सासरे दुनळी आणि एक तसबीर घेऊन परत आले. तसबिरीत हिरामण खुर्चीवर बसलेला, दुनळी त्याच्या मांडीवर, आणि सासरे मागे उभे. कोणी विचारलं तर सासरे म्हणायचे, “धाकटा व्हता, हौस व्हती त्याला. म्हनलं, बस तू.” केवढं मन! ही गोष्ट मी स्वतः शंभरदा सांगितली असेल.

शेंदूर उतरला तशी दस्त्यावर चांदीची पट्टी दिसू लागली. बोटभर लांब, वर इंग्रजी अक्षरं. सासरे सांगायचेच, आत माझं नाव कोरलंय म्हणून. मी पट्टी पदराने पुसून लखलखीत केली.

सव्वीस तारखेला ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसले, नाकात नथ घालायची राहिली एवढंच, तेवढी लाज होती मला. माझा मालक काळूराम जाऊन पाच वर्षं झाली होती. चंदरने दुनळी घेतली, मी तसबीर. शाळेत टेबलावर चादर घातली होती. तीनच घरांचं सामान, त्यात आमच्यासारखं कोणाचंच नाही. एकाची गंजकी तलवार, एकाची नुसती बिल्ल्याची रिबन. माणसं जमायला अजून वेळ होता. गुरुजी कागदावर नावं लिहीत होते. दुनळी हातात घेतली, चष्मा वर केला, पट्टी वाचली. परत वाचली. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले,

“आवडाबाई, हिरामण कोण?”

“चुलतसासरा माझा. का?”

“इथे लिहिलंय, ‘हिरामण नावाड्यास. त्याने मला नदीतून जिवंत बाहेर काढले. बसरा, एकोणीसशे सतरा.’ रावजींचं नाव नाही कुठे.”

“नीट वाचा, गुरुजी.”

“दोनदा वाचलं.”

मी तसबिरीकडे पाहिलं. बसलेल्याच्या मांडीवर दुनळी होती, कारण ती त्याचीच होती. एवढं साधं मला चाळीस वर्षांत सुचलं नव्हतं. आणि दुसरं आठवलं ते त्याहून वाईट. दुनळीला पहिला शेंदूर सासऱ्यांनी आपल्या हाताने लावला होता. घरात सगळे सांगायचे, परत आल्या आल्या लावला, आणि तोही दस्त्यालाच आधी.

पटांगणात बाया येऊन बसू लागल्या होत्या. मागच्या रांगेत, खांबाला टेकून, तुळशीकाकी. हिरामणची बायको. सोळाव्या वर्षी रांडवली. त्यानंतर सासऱ्यांनी तिला वाड्याच्या टोकाला एक खोपटं दिलं, कोलंबी सोलून आणि बोंबील वाळवून ती जगली. मी नवी सून असताना एका खंडेनवमीला ती ओटीवर आली आणि गर्दीतून तिने दुनळीकडे हात केला. तो हात मी धरला आणि खाली केला. “काकी, हत्याराला रांडवेचा हात न्हाय लावायचा.” सासरे माझ्यावर खूश झाले. पुढे मी स्वतः विधवा झाले तेव्हा तो नियम मला लागला नाही. घर माझं होतं, दुनळी माझी होती, मला कोण अडवणार?

गुरुजी वाट बघत होते. भला माणूस, माझी कीव आली असेल. “पट्टी वर ठेवू की खाली?” एवढंच विचारलं.

चंदर पलीकडे पाटलाशी हसत बोलत होता. शाल टेबलाच्या कडेला घडी करून ठेवलेली.

“खाली ठेवा,” मी म्हटलं.

मग सगळं झालं. कर्ण्यासमोर उभी राहून मी गोष्ट सांगितली, जशी नेहमी सांगते तशी. होडी उलटली, सासऱ्यांनी उडी टाकली. पाटील ओरडला, “रावजी नाखवा म्हंजे वाघ व्हता वाघ!” पोरांनी टाळ्या वाजवल्या. “धाकट्याला हौस व्हती, म्हनून त्याला बसवला,” इथवर आले आणि मागे बघितलं. तुळशीकाकी उठली होती. लुगडं झटकून, कोणाकडे न बघता, फाटकातून निघून गेली. माझ्या खांद्यावर शाल पडली. बायका म्हणाल्या, चांगली शोभते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरून तसबीर काढली, शालीत गुंडाळली.

“आये, येवढ्या सकाली तसबीर घेऊन कुठं?” चंदरने विचारलं.

“माझ्या पायांनी जातंय, तुझ्या खांद्यावर न्हाय. गप चहा पी.”

तुळशीकाकी खोपटापुढे बोंबील वाळत घालत होती. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. मला बघून तिने हात थांबवला नाही.

“ये गो नाखवीणबाई. शाल दाखवाया आनलीस?”

“काकी, त्या दुनळीच्या पट्टीवर हिरामणकाकाचं नाव हाय. साहेबाला काढला तो त्यानं.”

“मना ठाव हाय.”

“कवापासून?”

“थळचा मोरू त्याच्याच होडीवर व्हता. परत आला तवा सांगून गेला. तू या घरात यायच्या आदी.”

“मंग बोललीस का न्हाय?”

“कोनाला?” तिने आणखी एक जोडी दोरीवर टाकली. “तुझ्या सासऱ्याच्या होड्यांवर आख्खा वाडा जेवत व्हता. मना कोन इचारनार? तू आयकलं आसतंस?”

मी तसबिरीवरची शाल सोडली.

शाल पुढे केली. तिने मान हलवली. “मना हाय गोधडी. तुला दिलीय, तूच पांघर.”

“शालेत जाऊन सांगतंय मी. आजच. सगल्यांसमोर.”

“सांग, नायतर नको सांगू. त्याला थोडंच आयकाया जानार हाय?” मग पहिल्यांदाच तिचे हात थांबले. “त्यात तो हाय?”

मी तसबीर तिच्यापुढे धरली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हिने ती कधी जवळून बघितलेलीच नाही. आमच्या माजघरात टांगलेली, आणि रांडवल्यापासून ही ओटीच्या आत कधी आलेली नाही.

ती जवळ आली. डोळे बारीक केले. सासऱ्यांकडे बघितलं नाही, दुनळीकडेही नाही. खुर्चीवरच्या माणसाकडे बघत राहिली. तो तिथे वीस-बावीस वर्षांचा, आणि ती आता त्याच्या आजीच्या वयाची. नाही रडली. मला वाटलं, आता मला शिव्या घालील, आणि खरं सांगते, घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

“येवढा वाळला व्हता?” ती म्हणाली. “थय जेवाया घालीत नव्हते काय गो?”

ऊन चढत होतं, काच चकाकून त्याचा चेहरा दिसेनासा झाला. मी तसबीर थोडी तिरकी केली आणि तशीच धरून उभी राहिले.